लाल कुनी लावलाय का?

मैदानाच्या कडेला उभं राहून आबा आधी चारी बाजूंना बघायचे. मग तळहात तोंडाशी नेऊन मोठ्यानं विचारायचे, "लाल कुनी लावलाय का?"

मैदानात कुणीच नसायचं. प्लॉटिंगसाठी सपाट केलेली जागा, पलीकडे पत्र्याचं कंपाउंड आणि त्याच्या पलीकडे रस्त्यावर उभे राहिलेले कंटेनर. तरी आबा उत्तराची वाट बघायचे. खरंच बघायचे, मान जराशी तिरकी करून, लांबून कुणी हाक दिली तर चुकू नये अशी. उत्तर यायचं नाही. मग ते कपड्यांचा एक लाकडी, लाल रंग दिलेला चिमटा शर्टाच्या खिशाला लावायचे, आणि त्यानंतरच हातातल्या रिमोटचं बटण सरकवायचे.

हे मी पहिल्यांदा माझ्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं. नुकतंच सामान लावलं होतं. मी मुळात काळजी करणारा माणूस. दाराला कुलूप लावून निघालो तरी कोपऱ्यावरून परत येऊन ओढून बघतो. त्यात घरमालक रिकाम्या जागेशी बोलतोय म्हटल्यावर दुसरी खोली बघावी का, असा विचार त्याच संध्याकाळी आला होता. बरं झालं, बघितली नाही.

चाकणच्या बाजूला कामाला आलेल्या कुणालाही अशा खोल्या माहीत असतील. जमिनी गेल्यावर गावातल्या जुन्या लोकांनी घराच्या मागं ओळीनं पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि बाहेरगावच्या कामगारांना दिल्या. आबांच्या खोल्यांमध्ये नावानं कुणालाच हाक नव्हती. ज्याचा जो जिल्हा, ते त्याचं नाव. कोपऱ्यातल्या खोलीत जळगाव राहायचा, त्याच्या शेजारी उस्मानाबाद. मी हिंगोली. नववीतून शाळा सोडलेल्या माणसाला आख्ख्या जिल्ह्याचं नाव मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. माझं खरं नाव आबांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

एका रविवारी आबा माझ्या दारात येऊन उभे राहिले. काखेत रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी.

"हिंगोली, तू वायरीच्या कंपनीत हाय न्हवं?"

"हाव आबा. गाड्यांच्या वायरी जोडायलो तिथं."

"मंग हीबी गाडीच हाय."

हातभर लांबीची गाडी होती ती. उघडी चाकं, मागची जाड आणि काटेरी, पुढची बारीक. वरचं कवच कधीकाळी निळं असावं. आता त्याला इतके तडे गेले होते की निळा रंग तड्यांच्या मधे मधे शिल्लक होता. टायर हाताला दगडासारखे लागत होते. मी उलटी करून पाहिली. एक वायर तुटली होती, ते दोन मिनिटांचं काम. पण आतलं सगळंच म्हातारं झालं होतं. मी तसं बोलून गेलो आणि लगेच घाबरलो, कारण समोर उभा माणूसही म्हातारा होता.

आबा म्हणाले, "म्हातारं झालंय ते दिसतंय की. तरनं कसं करायचं ते सांग."

त्यानंतरचे माझे रविवार आबांच्या पडवीत गेले. तोवर मी सुट्टीच्या दिवशी झोपायचो किंवा घरी फोन करायचो. घरी म्हणजे गावाकडं, बायको आणि मुलगी. फोन ठेवला की खोली आणखी मोठी वाटायची. पडवीत तसं होत नसे. तिथं आबांचं जुनं लाकडी टेबल, वर बल्ब, शेजारी आबांची बायको, आम्हा सगळ्यांच्या काकू, गहू निवडत बसलेल्या.

आबांनी उभी हयात चिंचवडच्या एका कंपनीत फिटर म्हणून काढली होती. ते चाकं, बेअरिंगं आणि स्प्रिंगा बघायचे, मी वायरी. चाकांच्या आत प्लास्टिकच्या झिजलेल्या रिंगा होत्या, त्या काढून आबांनी खरी बेअरिंगं बसवली. मग पडवीच्या फरशीवर गाडीला नुसतं बोट लावायचे आणि ती भिंतीपर्यंत जायची. काकू पाय वर घ्यायच्या.

"नातवंडं आली की एका जागी बसत न्हाईत म्हनून ह्येच वरडनार," काकू मला सांगायच्या, "आन सवता बघ. टायरीला पावडर लावतंय. मला कवा लावली न्हाई."

"तू पळतीस का येवढी?" आबा विचारायचे, मान वर न करता.

कवच टाकून नवं घ्या, असं मी सुचवलं होतं. आबांनी ते आतून कापड आणि चिकट द्रव लावून जोडलं, वरचे तडे तसेच ठेवले. जुनी बॅटरी फुगली होती, ती बदलली. वेग कमी-जास्त करायला आत एक पट्टी होती, ती इतकी तापायची की आबांच्या अंगठ्यावर तिचा डाग होता. ती काढून मी छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवलं. जास्त ताकदीची मोटर आणली. प्रत्येक जोड मी दोनदा तपासायचो, मग उठून हात धुवायचो आणि तिसऱ्यांदा तपासायचो. आबा कधी घाई करायचे नाहीत. कंपनीत लाइन थांबली की सुपरवायझर डोक्यावर येऊन उभा राहतो. इथं लाइन मीच थांबवायचो आणि समोरचा माणूस बिडी पेटवून शांत बसायचा.

याच दिवसांत मला कंपनीतून ब्रेक मिळाला. कंत्राटी माणसाला ठरावीक महिन्यांनी घरी बसवतात, पुन्हा घेतील की नाही ते कुणी सांगत नाही. मी बॅग भरून आबांकडं किल्ली द्यायला गेलो. काम नसलेल्या भाडेकरूला कोण ठेवणार, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. आबांनी किल्ली घेतली नाही.

"तुजं काम सुटलंय, माजं कुटं सुटलंय? फुडली चाकं कोन जोडनार?"

एवढंच. कंपनीनं परत बोलावलं तोपर्यंत मी त्याच खोलीत होतो, आणि त्याबद्दल आमच्यात पुन्हा कधी शब्द निघाला नाही. मला आभार मानता येत नाहीत. मी दुसऱ्या दिवशी पुढची चाकं जोडली.

सगळं नवं झालं तरी एक वस्तू आबा बदलू देत नव्हते. रेडिओ. म्हणजे हातातला रिमोट आणि गाडीतला त्याचं ऐकणारा डबा. रिमोटला छत्रीच्या दांड्यासारखी लांब एरियल होती. मैदानात चालवताना गाडी मधेच थरथरायची, चाकं आपोआप डावी-उजवी हलायची. मोटर जोरदार झाल्यावर मला भीती वाटायला लागली.

"आबा, आता नवीन रेडिओ घेऊ. हा कशालाही फसतो. गाडी हातातून सुटून रस्त्यावर गेली तर कंटेनरखाली जाईल."

"न्हाई. रेडिओ ऱ्हाऊ दे."

"नव्यात रंगबिंग काही नसतं. कुणाला विचारायची गरजच नाही, लावला की चालू."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "मंग काय उपेग?" ते म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी गाडी उलटी केली, डब्यातून नखाएवढा एक तुकडा ओढून काढला आणि तळहातावर ठेवला. क्रिस्टल म्हणतात त्याला. त्यावर लाल खूण होती. रिमोटमध्येही तसाच लाल. ज्या रंगाचा रिमोट, त्याच रंगाची गाडी त्याचं ऐकते. एकाच मैदानात दोघांनी एकाच रंगाचे रिमोट लावले, तर दोन्ही गाड्या दोघांचंही ऐकायला जातात आणि कुणाचंच ऐकत नाहीत. म्हणून लावायच्या आधी विचारायचं असतं.

"पर हितं दुसरा लाल हायेच कुणाचा?" मी त्यांच्यासारखंच बोलून गेलो.

"धाकल्याचा," आबा म्हणाले. गहू निवडणाऱ्या काकूंचा हात थांबला.

आबांना एक धाकटा भाऊ. जमिनीची पहिली पट्टी रस्त्यासाठी गेली, तेव्हा दोघं मिशा फुटलेले जवान होते. वडिलांनी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे. घरात कुठलीही वस्तू आली की दोघांची भांडणं, म्हणून दोघांनी मिळून ठरवलं की जे घ्यायचं ते सारखंच घ्यायचं, तसूभर फरक नको. मुंबईला जाऊन परदेशी मालाच्या दुकानातून दोन गाड्या आणल्या. एकाच रंगाच्या, एकाच खोक्यातल्या शोभतील अशा. दुकानदार आतल्या क्रिस्टलच्या रंगाबद्दल काहीतरी सांगत होता, पण यांना वाटलं तो गळ्यात वेगळा माल मारतोय. "दोनी शेम द्या," असं यांनी दोनदा बजावलं. घरी येऊन मैदानात लावल्या, तेव्हा धाकट्यानं वळवलं की थोरल्याची वळायची. भांडण होऊ नये म्हणून सारख्या घेतल्या आणि सारख्या होत्या म्हणूनच दोन्ही एकदम चालवता येईनात.

"मग एकानं क्रिस्टल बदलायचं होतं," मी म्हणालो.

"कळलं की नंतर. पर कोन बदलनार? मी म्हनलो तू बदल, त्यो म्हनला तू." आबा हसले. "मंग आईनं दोरीवरचा एक चिमटा काढला आन रंगात बुडीवला. म्हनली, ज्याच्या खिशाला चिमटा त्याची पाळी. हिरीच्या पान्यावानी. दुसऱ्यानं बटनाला हात लावायचा न्हाई."

"आणि लावला तर?"

"धाकल्याला दम कुटं व्हता. माजी पाळी चालू असली की त्यो लांब झाडामागं जाऊन रिमोट लावायचा. माज्या गाडीची चाकं येकदा डावी, येकदा उजवी करायचा आन बंद. म्हंजे, झालं का तुजं, आता दे."

पुढचं काकूंनी सांगितलं, आबा बिडी आणायला उठून गेल्यावर. जमिनीच्या वाटण्या झाल्या, त्याही तसूभर फरक न करता. फक्त विहीर बरोबर बांधावर आली. तिचे दोन भाग होईनात. धाकटा म्हणाला बुजवून विकू, आबा म्हणाले ठेवू. शेवटी बुजली, विकली गेली, दोघांना सारखं मिळालं. धाकटा सांगवीला फ्लॅट घेऊन गेला. त्या दिवसापासून बोलणं बंद. आबा ज्या मैदानात गाडी चालवत, तिथंच ती विहीर होती. आपली गाडी धाकट्यानं नेली, चिमटा मात्र इथंच राहिला. शेवटची पाळी आबांची चालू होती.

"त्याच्याकडं चिमटा न्हाई, म्हंजे त्यो गाडी लावनार न्हाई," काकू म्हणाल्या. "आन ह्ये सवता जाऊन देनार न्हाईत. बस मंग."

त्यानंतर मैदानात गाडी थरथरली की माझं लक्ष गाडीकडं नसायचं, आबांकडं असायचं. चाकं आपोआप हलली रे हलली, की त्यांची मान वर व्हायची आणि नजर रस्त्याकडं जायची. तुम्ही बसस्टॉपवर वाट बघणारी माणसं बघितली असतील. गाडीचा आवाज आला की सगळ्यांची मान एकदम वळते. तसं. फक्त इथं एकटाच माणूस.

आणि मी काय केलं, तर ती थरथर घालवली. मोटरच्या आतल्या ठिणग्या जुन्या रेडिओला त्रास देतात, हे मला कामामुळं माहीत होतं. मोटरच्या टोकांवर छोटे कंडेन्सर जोडले, वायरींना पीळ दिला, गाडीतली एरियल मोटरपासून लांब नेली. मला वाटलं आबा खूश होतील, रेडिओ तोच राहिला आणि गाडीही सांभाळली. त्या दिवशी गाडी मैदानभर लोण्यासारखी फिरली. वळण घेतलं तर घेतलं तेवढंच. आबांनी एक फेरी मारली, दुसरी मारली आणि रिमोट बंद केला.

"हालतच न्हाई की रे आता," ते म्हणाले.

मी दोन रविवार पडवीत गेलो नाही. तिसऱ्या रविवारी तेच खोलीशी आले. "हिंगोली, मी इचार केला. बरं झालं. आता हालली तर खरी हालली."

मग ते निराळंच करायला लागले. रिमोट बंद ठेवायचा, गाडी चालू करून समोर ठेवायची आणि बघत बसायचं. मला धास्ती की कुठून तरी काही लागलं आणि गाडी सुसाट सुटली तर काय. म्हणून मी अट घातली की असं बसायचं असेल तर मोटरची वायर काढून ठेवायची, फक्त पुढची चाकं हलतील. आबांनी अट ऐकली. संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरायचो तेव्हा ते मैदानात खुर्ची टाकून बसलेले दिसायचे, पुढ्यात गाडी. लांबून वाटायचं, कुणीतरी पाळलेलं जनावर जवळ घेऊन बसलंय.

या रेडिओची रेंज मैदानाच्या टोकापर्यंत. सांगवी कुठं, आणि हे कुठं. आबांना ते माहीत नव्हतं असं नाही. शेवटी मीच म्हणालो, "आबा, फोन करा ना त्यांना."

"फोनवर बोलायला कायतरी लागतं. काय बोलू?" ते म्हणाले. "हितं नुस्तं इचारायचं असतंय."

"मग तिकडं जाऊन विचारू."

ते खुर्ची उचलून घरात गेले. पण रविवारी सकाळी धुतलेला सदरा घालून माझ्या मोटरसायकलशेजारी उभे होते, गाडी पिशवीत.

सांगवीत, मुळा नदीच्या अलीकडे, भावाच्या बिल्डिंगसमोर एक मोकळी जागा होती. आम्ही तिथल्या कठड्यावर बसलो. आबांनी गाडी समोर ठेवली, मोटरची वायर काढली. मग उभे राहून बिल्डिंगकडं तोंड करून विचारलं, "लाल कुनी लावलाय का?" फिरायला आलेल्या एका बाईनं चाल वाढवली. तिसऱ्या मजल्यावर कुणी दोरीवरचे कपडे काढत होतं, ते काढून आत गेलं. आम्ही ऊन तापेपर्यंत बसलो आणि परत आलो. पुढच्या रविवारीही गेलो. त्याच्या पुढच्याही. मला वाटायचं, हा माणूस माझ्यासाठी म्हणून तर येत नसेल ना. मीच म्हटलं होतं जाऊ.

एका रविवारी आबांचं विचारून झालं होतं आणि ते चहाचा पेला धरून बसले होते. गाडीची पुढची चाकं डावीकडं वळली. मग उजवीकडं. मग सरळ झाली आणि थांबली.

मी बिल्डिंगकडं बघितलं. गॅलऱ्या रिकाम्या होत्या. पलीकडे कुठं तरी बांधकाम चालू होतं, लिफ्ट होती, वेल्डिंग असेल. रिमोट बंद असला की असला जुना रेडिओ कशालाही भुलतो. हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं आणि मी ते गिळलं.

आबांनी वर बघितलंच नाही. पेला खाली ठेवला, खिशाचा चिमटा काढला आणि गाडीच्या एरियलला लावला. मग वाकून मोटरची वायर जोडली.

"चल."

"गाडी?"

"ऱ्हाऊ दे. त्याची पाळी हाय."

मी मोटरसायकल चालू केली. आरशात बघायची माझी हिंमत झाली नाही. कुणी पोरानं उचलून नेली असती, कुत्र्यानं ओढली असती, तर ते मला बघायचं नव्हतं. मागं बसलेल्या आबांनीही वळून पाहिलं नसावं, कारण त्यांचा हात माझ्या खांद्यावरून हलला नाही.

त्यानंतर आबा मैदानात जायचे, पण नुसते कडेला उभे राहायचे. विचारायचे नाहीत. पडवीत बसून रिमोट फडक्यानं पुसायचे, एरियल लांब करायचे, परत आत ढकलायचे. मी एकदा म्हटलं, बटण तरी लावून बघा, बॅटरी आहे का. ते म्हणाले, "चिमटा न्हाई माज्याकडं." आणि हसले. त्यांना असं निवांत हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांना खात्री होती की पाळी संपली की तो आणून देईल. मला नव्हती. मी कंपनीतून येताना रोज कपड्यांच्या दोरीकडं, दाराकडं, पायरीकडं नजर टाकायचो.

उन्हाळा लागायच्या आत आबा गेले. ताप आला, चिंचवडला दवाखान्यात नेलं, तिथून ते घरी आलेच नाहीत. मी शेवटचं भेटायला गेलो तेव्हा नळ्या लावलेल्या होत्या. माझ्या हातातल्या मोसंब्यांच्या पिशवीकडं बघून त्यांनी भुवया उंचावल्या. गाडी आली का, असं विचारत होते. मी म्हणालो, "चालवायलेत अजून." त्यांनी डोळे मिटून मान हलवली, चालू दे म्हणून.

तेराव्याला जेवणं उरकली, माणसं पांगली. मी पत्रावळ्या उचलत होतो. तेव्हा फाटकातून एक म्हातारा आत आला. मान जराशी तिरकी. हातात कापडी पिशवी, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला लाल चिमटा.

काकू उठल्या आणि त्यांच्यासाठी पाट मांडला. ते बसले नाहीत. पिशवीतून त्यांनी आबांची गाडी काढून टेबलावर ठेवली, शेजारी स्वतःची. सारखीच, फक्त हिच्या कवचाला एकही तडा नव्हता.

"लई गुळगुळीत चालती," ते माझ्याकडं बघून म्हणाले. मी कोण ते त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. "माजी पाळी कवाच झाली व्हती. आनून द्यायचंच ऱ्हायलं."

त्यांनी खिशाचा चिमटा काढला. थोडा वेळ हातात धरून उभे राहिले, कुणाला द्यावा ते कळत नसल्यासारखे. माझ्यावरून नजर गेली, काकूंवरून गेली. मग ते भिंतीशी गेले. तिथं खुंटीला आबांचा धुतलेला सदरा होता, सांगवीला जाताना घालायचे तो. त्याच्या खिशाला त्यांनी चिमटा लावला.

काकूंनी तो सदरा अजून खुंटीवरून काढलेला नाही. भाऊ अधूनमधून रविवारी येतात, पडवीत बसतात, चहा घेतात. मीही जाऊन बसतो. टेबलावर दोन गाड्या आणि दोन रिमोट आहेत. मी त्यांच्या बॅटऱ्या भरून ठेवतो. बटणाला कुणी हात लावत नाही.